काळोखी बघून भुललो

दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, आत लाल-पिवळी ढोबळी मिरची. लागवडीला चाळीसेक दिवस झालेले, फुलगळ सुरू. (पावसाळ्यात आभाळ भरून राहिलं की ती होतेच, पण तेव्हा जीव घाबरला होता.) नेमका तेव्हाच एक गोडबोल्या शेडवर हजर. "दादा, शंभर टक्के सेंद्रिय, समुद्री शेवाळाचा अर्क. एका बेडला फुकट सोडून बघा. पटलं तर घ्या."

सोडलं. आठवड्यात त्या बेडवर पानांना अशी काळोखी, म्हणजे गडद हिरवा रंग, आली की शेजारचे बघायला आले. मग 2,400 रुपये लिटरने चार लिटर घेतलं आणि ड्रीपमधून सगळ्या बेडना दिलं. बिल मागितलं तर म्हणे, "थेट कंपनीचा माल आहे, म्हणून तर स्वस्त." मीही ताणलं नाही.

तीन आठवड्यांत झाडं थांबली. पेरं सुटेना, शेंड्याला पानांचा गुच्छ, फळं एकमेकांत दाटून वेडीवाकडी. झाडं वर चढवायला बांधलेल्या सुतळ्या नुसत्या लोंबत होत्या. आधी व्हायरस समजलो, मग कोळी कीड. दोन्हींसाठी फवारण्या झाल्या, तो खर्च वेगळाच.

शेवटी उरलेलं औषध प्रयोगशाळेत दिलं. निघालं पॅक्लोब्युट्राझोल! कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून बुंध्याभोवती घालतात तेच. झाडात जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, तयार होणं ते अडवतं. वाढ खुंटते आणि पान आखडून गडद दिसतं. म्हणजे ज्या काळोखीवर मी खूश होतो, ती झाड आवळल्याची खूण होती. आंब्याला ठीक, पण ढोबळीत शेंडा चालला तरच पुढचे तोडे. तेच संप्रेरक, जिबरेलिक ॲसिड, बाहेरून फवारून थोडी हालचाल झाली, पण हंगाम गेला तो गेलाच.

बाटली नीट वाचली असती तरी वाचलो असतो. अशी झाडाची वाढ कमी-जास्त करणारी औषधं, म्हणजे संजीवकं, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव आणि टक्केवारी, बॅच, मुदत, विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असं सगळं लागतं. शेवाळाचे अर्क 2021 पासून जैवउत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशात आहेत, त्यांनाही लेबलचे नियम आहेत. माझ्या बाटलीवर हिरवं पान, 'चमत्कारिक रिझल्ट' आणि एक मोबाईल नंबर.

तो नंबर बंद. कृषी कार्यालयात विचारलं, तर नमुना सीलबंद बाटलीचा लागतो म्हणाले. माझ्या चारही फोडलेल्या, आणि बिल तर नव्हतंच.

ढोबळी उपटून त्याच बेडवर काकडी लावली. हे औषध मातीत महिनोन्महिने टिकतं, हे मला काकडीने शिकवलं. वेल गुडघ्याएवढे होऊन बसले. सगळ्यात वाईट अवस्था पहिल्या, फुकटवाल्या बेडची. त्याला दोनदा मिळालं होतं.