न्यूयॉर्क टाइम्सच्या दुरुस्त्या: आकडा चुकला तर चोख, निवाडा चुकला तर?

‘न्यूयॉर्क टाइम्स’ची वर्गणी भरण्याआधी हा पेपर स्वतःच्या चुका कशा सुधारतो, ते जरूर पाहावं. नाव, वय, तारीख, आकडा चुकला असेल तर काम चोख. वेबसाइटवर बातमीच्या तळाशी तारखेसह दुरुस्ती येते, छापील अंकातही वेगळी छापतात. काय चुकलं आणि बरोबर काय, एवढंच दोन ओळींत. चूक संपादन करताना शिरली असेल तर तसंही लिहितात. हे फार मोलाचं, कारण एरवी खापर फुटतं ते बातमीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच डोक्यावर. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हे आत्मकथन लिहिणारे सॉलोमन नॉर्थअप यांचं आडनाव १८५३च्या बातमीत चुकलं होतं, त्याचीही दुरुस्ती मार्च २०१४मध्ये आली.

घोडं अडतं ते निवाडा चुकतो तिथे, म्हणजे बातमी कितपत पक्की हे ठरवण्यात. इराकच्या शस्त्रास्त्रांबद्दलच्या बातम्या कच्च्या होत्या, हे संपादकांनी कबूल केलं २६ मे २००४ला. तोवर युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. मूळ बातम्यांपैकी काही पहिल्या पानावरच्या, कबुली मात्र आत, दहाव्या पानावर. चारच दिवसांनी त्याच पेपरात डॅनियल ऑक्रेंट यांनी लिहिलं की हा दोष एकट्यादुकट्याचा नाही, संस्थेचा आहे. ऑक्रेंट हे तिथले पहिले ‘पब्लिक एडिटर’, म्हणजे वाचकांच्या वतीने पेपरलाच जाब विचारणारे: पगार टाइम्सचा, मतं स्वतःची. टाइम्सचाच बातमीदार जेसन ब्लेअर याच्या बनावट बातम्या उघडकीला आल्यावर २००३मध्ये हे पद निर्माण झालं आणि २०१७मध्ये बंद केलं गेलं. सोशल मीडियावरचे वाचकच आता पहारा देतात, असं कारण दिलं. ते अजिबात पटत नाही. कॉमेंट टाकणाऱ्या वाचकाला संपादकासमोर बसून जाब विचारता येत नाही. लंडनच्या ‘गार्डियन’ने १९९७मध्ये वाचक-संपादक नेमला, आपल्याकडे ‘द हिंदू’ने २००६मध्ये. टाइम्सने मात्र हातचं घालवलं.

मथळा बदलला किंवा ताज्या बातमीतली वाक्यं मागेपुढे झाली, तर तळाशी टीप येईलच असं नाही. चूक कळवताना लिंक, नेमकं वाक्य आणि पुरावा द्या. नुसतं ‘बातमी एकतर्फी आहे’ लिहिलं तर दुरुस्त करण्यासारखं हाती काही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉटऐवजी लिंक पाठवा, म्हणजे नंतर आलेली दुरुस्तीही पुढच्याला दिसते. आणि एखाद्या वाक्याचा हवाला देणार असाल, तर वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या ‘वेबॅक मशीन’ या साइटमध्ये बातमीचा पत्ता टाकून आधीची आवृत्ती सापडते का पाहा आणि ताडून घ्या.