सात रस्त्याजवळचा ब्रिजचा क्लास: स्लॅमची बॅच

पत्त्यांतलं ब्रिज येतं, पण सहावर, म्हणजे तेरापैकी बारा हात करायच्या बोलीवर (स्मॉल स्लॅम; बोलीचा आकडा अधिक सहा इतके हात करायचे असतात), जायची वेळ आली की हात आखडतो, अशांसाठी ही शनिवारची बॅच आहे. सर बँकेतून निवृत्त झालेले, क्लास त्यांच्याच घरी.

सुरुवातीलाच त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असताना) चार इस्पिक बोलून बारा हात केले तर 680, सहा बोलून केले तर 1430. फरक 750. अकराच झाले तर चारवाल्याला 650, सहावाल्याचे 100 गेले. फरक पुन्हा 750! म्हणजे निम्म्या वेळा होणारा स्मॉल स्लॅम बोलायला हरकत नाही. ग्रँड, म्हणजे तेराही हातांचा स्लॅम, मात्र तीनांत दोनदा तरी व्हायला हवा, नाहीतर सहावरच थांबायचं. इतकं स्वच्छ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नोट्रम्पला, म्हणजे हुकमाशिवायच्या बोलीला, सहावर जायला दोघांचे मिळून 33 पॉइंट का (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1), तेही तसंच. चाळीसातले 7 बाहेर राहतात, म्हणजे दोन एक्के बाहेर असूच शकत नाहीत.

पण क्लासची खरी कमाई पुढे आहे. एका डावात माझ्याकडे इस्पिकचे राजा-गुलामासह चार, बदामाची एकुलती तिर्री, चौकट आणि किलवरचे एक्के. पार्टनरने एक इस्पिकची बोली उघडलेली. दोघींचे मिळून 25 पॉइंट, मी चारवर थांबणार होते. सर म्हणाले, "ताई, पॉइंट राहू द्या, तिचे बदाम कुठं जाणार ते सांगा." तिच्याकडे बदामाचा एक्का आणि तीन बारीक पानं होती. तिन्ही माझ्या हुकमांनी मारली आणि किलवरचा एकच हात देऊन बारा झाले. मग सरांनी तिच्या एक्क्याच्या जागी बदामाचे राजा-राणी ठेवले. माझ्या एकट्या तिर्रीसमोर ते जवळजवळ वाया गेले, स्लॅम संपला.

एखाद्या रंगात दोनच बारीक पानं असताना चार नोट्रम्पने एक्के विचारायला ते सक्त मनाई करतात. उत्तरात एक्के किती ते कळतं, त्या रंगातला आहे का ते कळत नाही. आधी कंट्रोल, म्हणजे त्या रंगातला एक्का, राजा किंवा एकुलतं पान, बोलीतून दाखवा. मला हे शंभर टक्के पटलं.

तक्रार एवढीच, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही; गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून यावं. अगदी नवख्यांनी आधी बोलीची साधी बॅच करावी. शक्यतो नेहमीच्या पार्टनरला घेऊन या, कारण तुमचा कंट्रोल तिला कळला नाही तर ती तिथंच पास म्हणेल. मी आणि माझ्या जाऊबाईंनी पुढच्या बॅचला नाव घातलंय.