सिल्वा की आल्डो, मोठा लढवय्या कोण?
ब्राझीलच्या अँडरसन सिल्वाने २००६ ते २०१२ या काळात यूएफसीत (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत) सलग १६ लढती जिंकल्या. २०१० मध्ये चेल सॉनेनने चार फेऱ्या त्याला खाली दाबून बदडलं. पाचवीत सिल्वाने पाठीवर पडल्या पडल्या पायांचा फास आवळला अन् सॉनेनने हार मानली. ब्राझीलच्याच मनाउस शहरातल्या जोसे आल्डोत ही नाटकं नाहीत. मांडीवर लाथ, पुन्हा तिथेच लाथ. त्याला २०१५ मध्ये मॅकग्रेगरने १३ सेकंदांत झोपवलं, तेवढंच लोक उगाळतात. सिल्वा तर लढतीत प्रतिस्पर्धी वाइडमनला वाकुल्या दाखवताना ठोसा खाऊन पडला! त्यानंतर यूएफसीत त्याच्या नावावर एकच विजय राहिला. आल्डो मात्र खालच्या वजनगटात उतरून पुन्हा जिंकू लागला. बघायला सिल्वा भारी. माझं मत आल्डोला.