वडिलांच्या खोलीतील एअर प्युरिफायर: चार महिन्यांच्या वापरानंतर

खोक्यावर ‘ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीला संरक्षण’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि खरे सांगायचे तर त्याच ओळीला भुलून मी हा एअर प्युरिफायर घेतला. वडील 79 वर्षांचे आहेत, त्यांच्या खोलीची खिडकी रहदारीच्या रस्त्यावर उघडते, आणि शब्दकोडे सोडवताना ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडतो अशी तक्रार गेल्या वर्षभरात ते स्वतःच करू लागले होते. चार महिने रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की यंत्र हवा चांगली गाळते, पण ज्यांच्या नावाने ते विकले जाते त्या म्हाताऱ्या माणसांचा विचार ते बनवताना कोणी केलेला दिसत नाही.

खोक्यावरच्या दाव्यामागे काहीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 2.5 मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा वीस-पंचवीस पटींनी बारीक धूळ, फुप्फुसांत खोलवर जाते. त्यामुळे शरीरात दाह वाढतो, रक्तवाहिन्या खराब होतात आणि त्याची झळ मेंदूला लागते. त्याहूनही सूक्ष्म कण नाकातील गंधाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील मृत व्यक्तींच्या मेंदूंत ज्वलनातून तयार होतात तसे मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे गोलाकार कण आढळल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हमरस्त्यापासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 300 मीटरपलीकडे राहणाऱ्यांपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी जास्त दिसले, आणि 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने वायुप्रदूषणाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घेतले. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या एका पाहणीत तर, जिथली हवा काही वर्षांत सुधारली तिथे हा धोका कमी झाल्याचेही दिसले. परंतु हे सगळे अभ्यास वर्षानुवर्षे श्वासात गेलेल्या बाहेरच्या हवेचे आहेत. एका खोलीत यंत्र ठेवल्याने विस्मरण टळते, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही, आणि तो निघतो असे भासवणारी ओळ खोक्यावर छापणे मला अप्रामाणिक वाटते.

आता यंत्राच्या कामाविषयी. खोलीचे आकारमान सुमारे 40 घनमीटर आहे आणि कंपनीने तासाला 300 घनमीटर शुद्ध हवा देण्याची क्षमता सांगितली आहे, म्हणजे खोलीतली सारी हवा तासाभरात सात वेळा गाळली जावी. मी वेगळा मीटर आणून पलंगाच्या उशाशी ठेवला. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी पीएम 2.5 चा, म्हणजे वर सांगितलेल्या बारीक कणांचा, आकडा घनमीटरमागे 80 मायक्रोग्रॅमच्या आसपास होता. दारे-खिडक्या लावून यंत्र पूर्ण वेगाने चालवल्यावर तो पाऊण तासात 12 वर आला. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा 15 आहे, हे लक्षात घेतले तर ही कामगिरी उत्तमच म्हणायला हवी. यंत्राचा स्वतःचा आकडा मात्र नेहमी माझ्या मीटरपेक्षा कमी असतो, कारण त्याचा सेन्सर त्यानेच नुकत्याच गाळलेल्या हवेजवळ बसवलेला आहे.

खरी अडचण रात्री सुरू होते. पूर्ण वेगातला पंख्याचा आवाज सहन करून झोपणे कोणालाही कठीण आहे, म्हणून यंत्र ‘स्लीप मोड’वर ठेवावे लागते, आणि त्या वेगात ते किती हवा गाळते हे ना खोक्यावर लिहिले आहे ना माहितीपुस्तिकेत. ग्राहक सेवा केंद्राकडे तीनदा विचारल्यावर 70 घनमीटर असे उत्तर मिळाले. म्हणजे ज्या आठ तासांसाठी आपण यंत्र घेतो त्या आठ तासांत हवा ताशी दोनदाही पुरती गाळली जात नाही. पहाटे मीटर 35 दाखवतो आणि यंत्रावर हिरवा दिवा लागलेला असतो.

दिवसाचा त्रास वेगळाच आहे. वडील श्रवणयंत्र वापरतात आणि ते पंख्याची घरघरही मोठी करून कानात सोडते, त्यामुळे मधला वेग लावला की ते श्रवणयंत्र काढून ठेवतात आणि मग आमच्याशी बोलणेच थांबते. लॅन्सेटच्या 2024 च्या अहवालात जगभरच्या स्मृतिभ्रंशापैकी सुमारे 3 टक्के वाटा वायुप्रदूषणाचा, तर 7 टक्के वाटा ऐकू कमी येण्याचा धरला आहे. स्मरणशक्तीच्या रक्षणासाठी आणलेल्या यंत्रापायी कानातले यंत्र निघावे, याला काय म्हणावे!

बटणे टच पद्धतीची आहेत. वडिलांच्या कोरड्या बोटांची नोंद ती चार वेळांतून एकदाच घेतात, मग ते बोट ओले करून दाबतात. पडद्याचा निळा प्रकाश रात्री विझत नाही. त्यावर त्यांनी जुन्या शब्दकोड्याचा कागद चिकटवला आहे. फिल्टर वर्षभर टिकेल असे सांगितले होते, पण चौथ्या महिन्यात मी झाकण काढले तेव्हा पांढऱ्या घड्या राखेसारख्या झाल्या होत्या आणि बदलण्याची सूचना देणारा दिवा मात्र शांत होता, कारण तो चाललेले तास मोजतो, साचलेली धूळ नव्हे. शिवाय हेपा फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडसाठी आतला कार्बनचा थर फारच पातळ आहे, आणि बंद खोलीत आपल्याच श्वासाने वाढणारा कार्बन डायऑक्साइड तर कोणताच प्युरिफायर कमी करत नाही. म्हणून रहदारी कमी असते त्या वेळी आम्ही खिडकी उघडतोच.

सध्या वडील रात्री बाहेरच्या खोलीत बसलेले असतात तेव्हा तासभर यंत्र पूर्ण वेगाने चालवतो आणि ते झोपायला गेले की वेग कमी करतो. शब्दकोड्यात काही फरक पडला का, असे सगळे विचारतात. चार महिन्यांत तो कळणार नाही आणि कळला तरी यंत्रामुळेच पडला असे मी म्हणणार नाही. हवा गाळण्यासाठी पाचपैकी चार, वृद्धांच्या सोयीसाठी दीड. याच कामासाठी कोणी यंत्र घेणार असेल तर सर्वांत कमी वेगातली क्षमता लेखी मागून घ्यावी, आणि ती खोलीला पुरत नसेल तर आकाराने मोठे यंत्र घेऊन ते मंद चालवावे. मीही दुसऱ्यांदा तेच करीन.