पीडीएफमधले तक्ते ऐकण्याजोगे करताना: आठ महिन्यांचा अनुभव

नागपुरात सीताबर्डीला माझं डीटीपीचं काम आहे. काटोलकडच्या एका संत्रा उत्पादक गटाचे भावाचे तक्ते काही वर्षांपासून मीच करते. जूनमध्ये गटाचा हिशेब बघणाऱ्या काकांचा फोन आला. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून ते सगळं ऐकतात. म्हणाले, "पोरी, तुझा कागद दिसाले चांगला असन, पण मले नुसते आकडे ऐकू येतात. कोणता आंबियाचा अन् कोणता मृगाचा, काई समजत नाई."

आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे हंगाम. मला फार लागलं ते बोलणं. रेघा आखल्या आणि वरची ओळ ठळक केली की तक्ता झाला, असं मी धरून चालले होते. स्क्रीन रीडरला रेघा कळतच नाहीत. त्याला फाइलच्या आतले टॅग, म्हणजे कोणता भाग काय आहे हे सांगणाऱ्या खुणा, लागतात: टेबल, त्यात टीआर म्हणजे ओळ, टीएच म्हणजे शीर्षकाचा चौकोन, टीडी म्हणजे माहितीचा. मी वर्डमधून प्रिंटच्या वाटेने पीडीएफ काढायची, त्यामुळे टॅग उरतच नव्हते.

मग पैसे भरून एक पीडीएफ संपादक घेतला आणि दोन महिने हाताने टॅग लावले. नऊ पानांच्या तक्त्याला अख्खी दुपार जायची. टॅग चुकला तर मागे फिरता यायचं नाही, म्हणून पायरीपायरीला नवी प्रत ठेवावी लागे. तयार पीडीएफ दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइलच नीट करा, हे माझं आता ठाम मत आहे. वर्डमध्ये 'रिपीट हेडर रोज' लावायचं, म्हणजे शीर्षकाची ओळ दर पानावर आपोआप येते, दर पानावर शीर्षकं हाताने टाइप करायची नाहीत आणि 'सेव्ह ॲज' करताना ऑप्शन्समध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या टॅगची खूण आहे ना ते बघायचं. लिबरऑफिसमध्ये ७.० पासून पीडीएफ-यूएचा पर्याय आहे, तोही मोफत. पीडीएफ-यूए म्हणजे स्क्रीन रीडरलाही नीट वाचता येतील अशा पीडीएफसाठी २०१२ मध्ये आलेलं आयएसओ १४२८९ हे मानक. संपादकात मी आता एवढंच करते: तारखांच्या स्तंभाला टीएच करून त्याचा स्कोप 'रो' ठेवते, म्हणजे ते शीर्षक त्या अख्ख्या ओळीला लागू होतं. मग प्रत्येक भावासोबत तारीखही ऐकू येते.

सगळ्यात जास्त छळलं ते दुमजली शीर्षकाने. वर 'आंबिया बहार' आणि 'मृग बहार', प्रत्येकाखाली लहान, मध्यम, मोठी संत्री. प्रत्येक चौकोनाला त्याच्या शीर्षकांचे आयडी जोडून ते जमवलं, पण नवा तक्ता आला की पुन्हा तेच. शेवटी लक्षात आलं, आंबियाचा माल हिवाळ्याच्या तोंडावर येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. एकाच्या हंगामात दुसऱ्याचे रकाने रिकामेच! दोन वेगळे तक्ते केले आणि अनेक रकान्यांवर पसरलेला एकही चौकोन उरला नाही. जिथे माल आलाच नाही तिथे रिकामं न सोडता 'निरंक' लिहिते, म्हणजे ऐकणाऱ्याला आकडा राहून गेला की काय अशी शंका येत नाही.

पीएसी हे मोफत तपासणी साधन मी दर फाइलला वापरते, पण त्याच्या हिरव्या खुणांवर थांबत नाही. एकदा तक्त्याचं नाव मी पहिल्या ओळीतच टीएच म्हणून घातलं होतं. तपासणीत फाइल पास झाली, आणि काकांना जवळजवळ प्रत्येक आकड्याआधी ते लांबलचक नाव ऐकावं लागलं. तेव्हापासून नाव तक्त्याच्या बाहेर, वर लिहिते. पाठवण्याआधी मॉनिटर बंद करून स्वतः ऐकते. एनव्हीडीएत टी दाबलं की थेट तक्त्यावर जाता येतं, कंट्रोल-ऑल्ट आणि बाणांनी चौकोनाचौकोनांतून फिरता येतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला तक्ता कितीही नीट टॅग केला तरी आतून ती रोमन अक्षरंच असतात, आणि ऐकू येतो तो अर्थहीन गोंधळ. गटाच्या पाच वर्षांच्या फाइली मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या, दस्तऐवजाची भाषा मराठी लावली. दिवाळीपर्यंतचे दिवस त्यातच गेले.

डिसेंबरच्या तक्त्यानंतर काकांचा पुन्हा फोन आला. "बारा तारखेचा मध्यमचा भाव मोठीपेक्षा जास्त कसा?" माझेच दोन आकडे उलटे पडले होते, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्या कोणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

संपादकाची वर्गणी मेमध्ये संपते. स्कॅन केलेल्या जुन्या पावत्यांसाठी ती घ्यावी लागेल, तक्त्यांसाठी आता फक्त तारखांच्या स्तंभापुरतीच लागते.