महालातील वारसा-फेरी : एक अभिप्राय

नागपूरच्या महाल भागातील जुन्या वास्तू जपण्यासाठी झटणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांची ही फेरी गांधीगेटपासून, म्हणजेच भोसलेकालीन जुम्मा दरवाजापासून, सुरू होते आणि पुढे कल्याणेश्वर मंदिराकडे वळते. मार्गदर्शक केवळ राजांच्या कथांत रमत नाहीत, हे विशेष आवडले. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल कोंडते आणि विटा झिजू लागतात, म्हणून डागडुजीही चुन्यानेच करावी, हे त्यांनी पोपडे धरलेल्या एका भिंतीपुढे उभे राहून समजावले. वाडामालकांना हा खर्च कसा झेपावा, यावर मात्र ते त्रोटकच बोलले. रहदारीत मागच्यांना नीट ऐकू येत नाही. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ निवडावी. नागपूरच्या उन्हाबद्दल वेगळे काय सांगावे!