पुराचा आराखडा : एजन्सीकडून करून घ्यायचा की सगळ्यांनी बसून करायचा?

2021 च्या पुरानंतर खेड, महाड, राजापूर सगळीकडची ओळखीची माणसं हेच विचारतात, की आराखडा कन्सल्टंटला देऊन टाकू का वरच्या-खालच्या गावांना घेऊन आपणच बसू. आम्ही दोन्ही करून बघितलंय, म्हणजे अख्ख्या चिपळूणचं नाही हां, आमच्या बाजूच्या एका पऱ्याचं (म्हणजे ओढ्याचं), जो पुढे वाशिष्ठी नदीला मिळतो. तेवढ्यावरच बोलतोय, तुमच्याकडे वेगळं असू शकेल.

आयता आराखडा दिसायला झकास असतो. लेव्हल घेतलेल्या, क्रॉस सेक्शन (पात्राचे आडवे छेद) काढलेले, रंगीत नकाशे, आणि मुख्य म्हणजे निधी मागायला गेलात की ती फाइल टेबलावर ठेवता येते, "लोक असं म्हणतात" यावर कोणी पैसे देत नाही. निळ्या-लाल रेषेचा वाद असेल (25 वर्षांतनं एकदा येणारा पूर ती निळी, 100 वर्षांतनं एकदा येणारा ती लाल, आणि आत सापडलात की बांधकामाची परवानगी लटकली) तर तिथेही आकडे घेऊन उभा राहणारा माणूस लागतोच. वर काम वेळेत होतं, भांडणं नाहीत.

सगळ्यांनी बसून करायचं म्हणजे डोक्याला ताप आहे, खोटं कशाला बोलू. अर्धी मीटिंग प्रत्येकाच्या दारातल्या गटारावरच जाते, जुने बांधाचे वाद निघतात, दोघं उठून जातात, पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात.

तरी माझं मत फिरलं ते गाळामुळे. आयत्या आराखड्यात उपसा होता, किती घनमीटर तेही होतं, पण काढलेला गाळ टाकायचा कुठे ही ओळच नव्हती. मग पोकलेनवाल्याने काय करावं, त्याने काढला आणि काठावरच लावला. मे महिन्यात छान माणसाच्या उंचीचा ढीग, पोरं त्यावर चढून फोटो काढतायत, आणि मृगाचे दोन पाऊस झाले तसा ढीग पायथ्याकडून सुटायला लागला, आधी माती मग गोटे, गणपतीपर्यंत पऱ्या होता तसाच. बिल निघालेलं होतं. विचारायला गेलो तर म्हणे वाहतूक आमच्या स्कोपमध्ये नाही. या एका शब्दाने माझं जेवढं रक्त आटलं तेवढं पुराने पण आटवलं नसेल.

बसून केलं तेव्हा हाच प्रश्न पहिल्या तासात निघाला, कारण समोर जमीनवाले बसलेले. एक काका म्हणाले माझ्या पडीक खाचरात टाका, पण फुटलेला बांध त्याच मातीने भरून द्यायचा. दुसऱ्याला कलमांच्या खड्ड्यांना हवा होता. एकीने डंपरसाठी आपल्या आवाराचा गडगा (दगडी कुंपण) तात्पुरता काढू दिला, परत रचून द्यायच्या बोलीवर. हे कुठल्या सर्व्हेत येणार सांगा!

अजून एक, आयता नकाशा हद्दीवर संपतो. आमच्या नदीत सह्याद्रीच्या पलीकडचं कोयनेचं पाणीही वीज करून झाल्यावर येतं, त्यामुळे वीजघरांकडची, पोफळी-अलोऱ्याची माणसं मीटिंगला असली की वरचं चित्र कळतं. आणि खाली गोवळकोटच्या खाडीपर्यंत भरती चढते, तिकडच्या मासेमारी करणाऱ्यांना भांग-उधाण (भरती कधी कमी, कधी मोठी) पंचांग न बघता पाठ. त्यातल्याच एकाने दाखवलं की पूर आला त्या 22 जुलैला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरती दिवसेंदिवस वाढतच होती, वरून एवढा लोट आल्यावर पाणी समुद्राकडे सरकणार कसं. मग ठरलं की नुसतं शहरापाशी रुंद करून भागायचं नाही, खालची तोंडंही मोकळी पाहिजेत.

वाशिष्ठीचंच बघा ना, 2021 च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं, त्यानंतर सरकारी यंत्रणा आणि नाम फाउंडेशन मिळून गाळ निघाला. लोक बसले नसते तर कधी निघाला असता कोण जाणे.

तर घाईचा निधी असेल, भिंत किंवा पूल असलं काम असेल तर एजन्सीकडेच जा, त्यात आपली हौस चालत नाही. पण गाळ, पऱ्ये, मोऱ्या, वरचे उतार असलं काही असेल तर मी आधी बसेन, आणि इंजिनिअरला मागाहून बोलावून लेव्हल तेवढ्या घ्यायला लावेन. पैसेही कमी जातात, निदान आमचे गेले.

बसायचंच ठरलं तर दिवाळीच्या आधी सुरू करा, म्हणजे पाणी ओसरल्यावर मे पर्यंत मशीनला वेळ मिळतो. आणि खाडीकडच्यांना यायला सांगताना तिथी बघा, उधाणाला ते डोलीवर (खाडीत लावायच्या जाळ्यावर) असतात, भांगाचे दिवस धरलेत तरच येतील.